श्वासाला जागा

नमस्कार. पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवणाऱ्या ठाण्यात दमसास म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. गवयाची तान समेवर येईपर्यंत इथले श्रोतेही श्वास धरून बसतात. पण माझ्या हातातली ही फ्लूट बांबूची नाही, धातूची आहे. आणि मी जे संगीत वाजवते त्यात एक मुख्य कलाकार आणि बाकीचे साथीदार अशी वाटणी नसते. म्हणून आज दमसासाबद्दलच बोलायचं आहे, पण चारचौघांत मिळून वाजवताना तो कुणाचा असतो, याबद्दल.

चेंबर म्युझिक म्हणजे मूळचं दिवाणखान्यातलं संगीत. तीन, चार, पाच वादक, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि आधी लिहिलेली, समोर कंडक्टर नाही. मग सुरुवात कोण करून देतं? पुष्कळदा मीच. कारण फ्लूटवाल्याला श्वास घ्यावाच लागतो आणि तो सगळ्यांना दिसतो. नीट पाहिलंत तर फ्लूटचं टोक किंचित वर जाऊन खाली येताना दिसेल. संथ रचना असेल तर तो श्वासही संथ घ्यायचा, द्रुत असेल तर चटकन. पहिला सूर लागायच्या आधीच बाकीच्यांना लय कळलेली असते.

माझी खरी शिकवणी झाली ती तंतुवाद्यांच्या सोबतीने. मोझार्टचं डी मेजर या स्वरसप्तकातलं फ्लूट क्वार्टेट, म्हणजे फ्लूट आणि तीन तंतुवाद्यं अशी चौघांची रचना. मोझार्टच्या रचनांच्या यादीत तिचा क्रमांक के. २८५. हस्तलिखितावर तारीख आहे २५ डिसेंबर १७७७ आणि गाव मानहाइम. मोझार्ट तेव्हा २१ वर्षांचा होता. डच ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टरकी केलेल्या डेजाँ नावाच्या हौशी फ्लूटवादकाने त्याच्याकडे काही रचना मागितल्या होत्या. त्या सगळ्या झाल्या नाहीत, ठरलेल्या २०० गुल्डनपैकी (तेव्हाचं चलन) ९६च हाती पडले, आणि हे वाद्य आपल्याला सोसत नाही असं मोझार्टने वडिलांना कळवलं. तरी या क्वार्टेटचा दुसरा भाग, बी मायनरमधला संथ अडाजो, फ्लूटसाठी लिहिल्या गेलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे, असं मी ठामपणे म्हणते. व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा आणि खालच्या सुरांचा व्हिओला आणि आणखी मोठा चेलो, तिघंही गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, आणि त्यावर फ्लूट एकटी गाते.

अडचण नेमकी तिथेच आहे. छेडलेल्या तारेचा सूर लगेच विरतो. सलग वाजणारी अशी मी एकटीच. मी श्वास घेतला की संगीतात भोक पडतं. नौपाड्यातल्या एका घरी आम्ही तालीम करत होतो. मे महिना होता. पंखा लावला की स्टँडवरची पानं उडतात, म्हणून पंखा बंद. मी एक लांब ओळ एका दमात काढायचा हट्ट धरला होता आणि शेवटचे दोन सूर दरवेळी बारीक होऊन खाली घसरत होते. चौथ्या खेपेला व्हिओला वाजवणारे काका म्हणाले, ‘अगं, घे की श्वास. आम्ही आहोत ना.’ पुढच्या वेळी माझ्या श्वासाच्या जागी त्यांनी आपली तार केसभर उशिरा आणि जरा भरीव छेडली. चेलोनेही तसंच केलं. भोक बुजलं. तोवर मी श्वास लपवायला शिकले होते. तो सोबतच्यांवर सोपवता येतो, हे त्या दुपारी कळलं.

विंड क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच वादकांच्या मेळात, मात्र सगळेच फुंकणारे. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून आणि फ्रेंच हॉर्न. आंतोन रायखा या संगीतकाराने पॅरिसमध्ये या जुळणीसाठी २४ क्विंटेट लिहिली आणि ती रुळली. इथे वाटेल की सगळे एकदम श्वास घेतील, प्रश्नच नाही. तसं होत नाही. फ्लूटची बरीच हवा बाहेरच सांडते, म्हणून माझी छाती लवकर रिकामी होते. ओबो ज्या पत्तीतून फुंकतात तिची फट इतकी अरुंद की हवा आत फारशी जातच नाही. ओळ संपली तरी ओबोवाल्याची छाती भरलेलीच. त्याला आधी शिळा श्वास सोडावा लागतो, मग नवा घेता येतो. एक हवेसाठी आसुसलेली, दुसरा हवेने कोंडलेला, आणि दोघांना पुढचा सूर एकाच क्षणी लावायचा असतो. त्यात फ्लूट जोरात फुंकली की सूर चढतो आणि क्लॅरिनेट जोरात फुंकली की उतरतो. दोघांनी मिळून आवाज वाढवत न्यायचा असेल तर ओठांनी सतत सावरावं लागतं, आणि ते सावरणं दुसऱ्याचा सूर ऐकल्याशिवाय होत नाही.

फ्रेंच संगीतकार देबुसीने १९१५ साली फ्लूट, व्हिओला आणि हार्प या बोटांनी छेडायच्या उभ्या तंतुवाद्यासाठी सोनाटा, म्हणजे काही भागांची वाद्यरचना, लिहिला. महायुद्ध चालू होतं आणि तो स्वतः आजारी होता. सहा सोनाटे लिहायचं त्याने योजलं होतं, त्यातले तीन झाले. व्हिओलाच्या जागी त्याने आधी ओबो धरला होता. तो बदलला, हे मला फार मोलाचं वाटतं. हार्प सुरुवात करते, तिच्यातून फ्लूट उमटते, आणि फ्लूट विरते तिथून व्हिओला सूर उचलतो. व्हिओलाला श्वास लागत नाही. माझा दम संपतो तिथे त्याचा गज चालू होतो.

हाच सोनाटा नवी मुंबईत वाजवत असताना मध्येच एसी बंद पडला. हवा एक अंशाने तापली की फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर साधारण ३ सेंट चढू शकतो. १०० सेंट म्हणजे अर्धा स्वर. हार्पच्या तारा मात्र तापल्या की उतरायला लागतात, आणि वाजवता वाजवता ४७ तारा जुळवणार कोण? दोन भागांच्या मधे मी फ्लूटचा ओठांकडचा तुकडा थोडा बाहेर ओढला. नळी लांबली, सूर उतरला. व्हिओलाने हार्प ऐकून बोटं सरकवली. हार्पवाली मान खाली घालून वाजवत राहिली. तिच्यापाशी जायचं काम आमचं होतं.

आता माझे तीन सहकारी येतील आणि आम्ही तो अडाजो वाजवू. जेमतेम तीन मिनिटांचा आहे. तो पुरता विसावत नाही. एका अर्धवट सुरावर थांबतो आणि तिथून थेट रोंडोत, म्हणजे शेवटच्या द्रुत भागात, शिरतो. त्या थांब्यावर टाळ्या नकोत, एवढी विनंती. चौघं मिळून श्वास घेण्याची आमची तेवढीच जागा आहे. आणि कुणीतरी तो पंखा बंद करा, प्लीज.