ग्रिम्सेलचा घाट सायकलीने: तळ्यांवरून चढ ओळखणे आणि कुंभार्लीत सराव

नमस्कार. स्वित्झर्लंडमधील ग्रिम्सेल खिंड रस्त्याच्या सायकलीने कशी चढावी, हा आजचा विषय आहे. आल्प्समधील घाटाविषयी चिपळुणात बसून बोलण्याचे कारण असे की, त्याचा सराव करता येईल असा कुंभार्ली घाट आपल्या दाराशी आहे, आणि दोन्ही घाटांच्या वाटेवर जलविद्युत प्रकल्पांचे पाणी आपल्या सोबतीला असते.

प्रथम ग्रिम्सेलचे आकडे पाहू. उत्तरेकडून येणारा रस्ता इनर्टकिर्शेन या गावापासून, म्हणजे 625 मीटर उंचीपासून, आरे नदीच्या खोऱ्यातून वर चढू लागतो आणि साधारण 26 किलोमीटरनंतर 2,164 मीटरवरील खिंडीत पोहोचतो. सरासरी चढ सहा टक्क्यांच्या आसपास येतो. हा आकडा वाचून अनेकजण निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. हे खोरे हिमनदीने कोरलेले आहे, आणि हिमनदीने कोरलेली खोरी जिन्यासारखी असतात: सपाट तळ, मग खडकाचा उंच उंबरठा, पुन्हा सपाट तळ. धरणे बांधणाऱ्यांनी नेमके हे उंबरठे हेरले. म्हणून या रस्त्यावर राटेरिख्सबोडेनचे तळे सुमारे 1,767 मीटरवर, ग्रिम्सेलचे मोठे तळे सुमारे 1,909 मीटरवर आणि टोटेनझे हे लहान तळे थेट खिंडीत लागते.

[पडद्यावर: चढाचा आलेख, तळ्यांच्या जागा निळ्या रंगात]

सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. तळ्याच्या काठाने जाणारा रस्ता जवळजवळ सपाट असतो, आणि त्या सपाटीने जेवढी उंची वाचवली, तेवढी आधीच्या किंवा नंतरच्या वळणांनी वसूल केलेली असते. सरासरीत ही सपाटी मिसळली की आठ-नऊ टक्क्यांचे टप्पे आकड्यांत दिसेनासे होतात. गुटानेन गावाच्या पुढे खरी परीक्षा सुरू होते. हँडेकच्या आसपास रस्ता कड्याला चिकटून वर जातो. तेथील काही बोगदे टाळून सायकलींना जुन्या रस्त्याने जाता येते आणि ती वाट अवश्य घ्यावी. राखाडी-हिरव्या पाण्याचे पहिले तळे दिसले की (तो रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाचा असतो) पायांना मोकळे करावे, खावे, प्यावे. वेग वाढवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण ग्रिम्सेलच्या तळ्यानंतरही सुमारे अडीचशे मीटरची चढाई वळणावळणांनी शिल्लक असते.

आता आपला कुंभार्ली घाट. सह्याद्रीची रचना वेगळी आहे. येथे जिना नाही, बेसाल्टच्या थरांची एकच भिंत आहे. खेर्डीपासून शिरगाव-पोफळीपर्यंत रस्ता किरकोळ चढउताराचा राहतो, मग घाट एका दमात चारशे-पाचशे मीटर उचलून तुम्हाला सुमारे सहाशे मीटरवर नेऊन ठेवतो, आणि कोयनेचा शिवसागर जलाशय या भिंतीपलीकडे, घाटमाथ्यामागे राहतो. कोयना नदी स्वभावतः पूर्वेला कराडकडे जाते. तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडले जाते, पुढे ते कोळकेवाडीच्या धरणात साठते आणि शेवटी वाशिष्ठी नदीला मिळते. म्हणजे पाणी ज्या भिंतीच्या पोटातून खाली येते, तीच भिंत आपण बाहेरून चढतो. ग्रिम्सेलची पूर्ण उंची भरून काढायची असेल, तर पायथा ते माथा अशा तीन-चार फेऱ्या कराव्या लागतील.

घाट किलोमीटरांत मोजू नये, उंचीच्या मीटरांत मोजावा, असे माझे ठाम मत आहे. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन धरले आणि सात टक्क्यांच्या चढावर ताशी 10 किलोमीटर वेग ठेवला, तर सुमारे 170 वॅट शक्ती लागते. त्यातील दीडशेहून अधिक वॅट केवळ गुरुत्वाकर्षणाला जातात. हवेचा विरोध इतक्या कमी वेगात नगण्य असतो. या वेगाने तासाला 700 मीटर उंची चढली जाते, म्हणून ग्रिम्सेलला सव्वादोन तास धरावेत. गंमत अशी की, एवढ्या चढाईत वजन वर नेण्याचे निव्वळ काम विजेच्या एका युनिटच्या जेमतेम एक तृतीयांश भरते. घरातला पंखा तेवढ्यावर चार-साडेचार तास फिरेल. शरीराला मात्र त्यासाठी तेराशे-चौदाशे किलोकॅलरी खर्चाव्या लागतात, कारण स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्क्यांच्या घरात असते. बाकी सगळी उष्णता.

गिअरचा हिशेबही येथेच लागतो. ताशी 10 किलोमीटर वेगात मिनिटाला 70 पेडल-फेरे ठेवायचे असतील, तर पेडलजवळ पुढे 34 दातांची आणि मागच्या चाकावर 30 दातांची चकती लागते. जुन्या रेसिंग सायकलीवरील 39 आणि 25 दातांच्या जोडीत तेच फेरे पन्नाशीवर येतात, आणि दोन तास असे रेटणे गुडघ्यांना परवडत नाही. कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलण्याचा खर्च मला महागड्या हलक्या चाकांपेक्षा कितीतरी सार्थ वाटतो.

उष्णतेचा मुद्दा कोकणात सर्वांत जड आहे. एप्रिलच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि चढावर वारा लागण्याइतका वेग नसतो. त्यामुळे पहाटे उजाडताच निघावे आणि मीठ-साखर घातलेले कोकम सरबत बाटलीत ठेवावे. पावसाळ्यात धुके, शेवाळ आणि दरडी यांमुळे कुंभार्लीचा सराव सरळ बंद ठेवावा. ग्रिम्सेलला गणित उलटे होते. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 77 टक्केच असतो, त्यामुळे खालच्या गावात सोपा वाटलेला जोर वर टिकत नाही. तापमानही पायथ्यापेक्षा साधारण दहा अंशांनी उतरते. रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद असतो आणि साधारणतः जून ते ऑक्टोबर खुला असतो.

उतरताना घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागून बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. म्हणून माथ्यावर थांबून, छायाचित्रे काढण्यापूर्वीच, वाराबंद जॅकेट आणि हातमोजे चढवावेत. दक्षिणेला ग्लेचकडे उतरणाऱ्या वळणांवर ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडावा आणि मग सोडावेत, म्हणजे ते तापणार नाहीत. कुंभार्ली उतरतानाही हीच पद्धत ठेवावी, फक्त तेथे वळणापलीकडून मालाने भरलेला ट्रक येत आहे असे गृहीत धरून आपली डावी बाजू सोडू नये.