व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

दारू कशी सोडवायची, घरच्यांनी काय करायचं, यावर रेडिओवर पुष्कळ बोललं जातं. मी स्वतः समुपदेशक आहे, आणि आज मला बोलायचंय ते व्यसनमुक्ती केंद्रांत राबणाऱ्या माणसांविषयी. रात्रपाळीचा कार्यकर्ता, सिस्टर, समुपदेशक यांना कामात समाधान मिळतं का?

पुण्याला हे काम नवीन नाही. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक हातभार लावला. तिथे उपचार घेऊन बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. स्वतः त्यातून गेलेला माणूस शेजारी बसला की पेशंटला वेगळाच धीर येतो.

जुना पिणारा दारू थांबवतो तेव्हा पहिले तीन-चार दिवस फार कठीण जातात. हात इतके थरथरतात की चहाचा कप तोंडापर्यंत नेववत नाही. काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी हाका मारतंय असं वाटतं. डॉक्टर औषध देऊन जातात, पण रात्री तीन वाजता खाटेजवळ बसतो तो कार्यकर्ता. "घाबरू नको, मलाही असंच झालं होतं, जाईल हे," असं तो सांगतो. सकाळी तोच पेशंट स्वतःच्या हातानं कप धरतो. त्या पाळीचं समाधान काय असतं ते मी जवळून पाहिलं आहे.

मग हीच माणसं थकतात का? क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली कामातला असा थकवा मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी पाहतात: मनाचा शीण, समोरच्या माणसाविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आमच्याकडे हा कोरडेपणा एका वाक्यात कळतो: "हा तिसऱ्यांदा आलाय, हा काही सुधारायचा नाही." एरवी मायाळू असलेला कार्यकर्ता असं बोलायला लागला, की मला पेशंटआधी त्याची काळजी वाटते.

याचं एक कारण कामाच्या रचनेतच आहे. वॉर्डात परत येतो तो घसरलेला माणूस. गटारी झाली, एकतीस डिसेंबर झाला, की फोन सुरू होतात. जो सावरला तो हडपसरला दुकान उघडतो, कंपनीत पाळीला जातो. तो वॉर्डात कशाला येईल? त्यामुळे वॉर्डातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सगळं अपयशच जमत जातं. खरं तर व्यसन हा दमा किंवा रक्तदाबासारखाच दीर्घकाळचा आजार आहे आणि त्यांच्याप्रमाणे तोही उलटतो. त्यात केंद्रं अपुरी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणाप्रमाणे दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की वॉर्डातल्या माणसांनाही पाळीपाळीनं फॉलोअपच्या, म्हणजे घरी गेलेले पेशंट पुन्हा भेटायला येतात त्या बैठकीला बसवावं. एखाद्या पेशंटचा व्यसनमुक्तीचा वाढदिवस, म्हणजे व्यसन सुटल्याला वर्ष पूर्ण झाल्याचा दिवस असेल तेव्हा त्याची रात्रपाळी केलेल्या कार्यकर्त्याला मुद्दाम बोलवावं. आठवड्यातून एकदा जाणत्या माणसापुढे मन मोकळं करता यावं, आणि तिथे हजेरीचा विषय निघू नये. जो कार्यकर्ता स्वतः व्यसनातून बाहेर आलाय, त्याला व्यसन सोडलेल्यांच्या त्याच्या मीटिंगला जायला कामाच्या वेळेतून सवड द्यावी, कारण त्याची स्वतःची लढाईही चालूच असते. आणि पगार! सेवेचं काम आहे म्हणून तुटपुंज्या पगारावर राबवणं मला अजिबात पटत नाही. त्यालाही घरभाडं आहे, मुलांची फी आहे.

तुमच्या घरातलं कुणी अशा केंद्रातून बरं होऊन आलं असेल, तर एक विनंती. सगळं ठीक चाललेलं असताना, एखाद्या साध्या दिवशी तिथे फोन करा. वॉर्डातल्या दादांना, सिस्टरना बोलावून घ्या आणि सांगा, हे रोज कामावर जातायत, संध्याकाळी घरी जेवतायत. कारण ही बातमी त्यांच्यापर्यंत आपणहून पोचत नाही.

नमस्कार.