झुडूप तोडलं, आता पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी हे बोलणं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घराजवळच्या रानात एक चक्कर मारा. मेपल उघडे पडलेले असतात, ओकची पानं तपकिरी होऊन गळत असतात, आणि त्यांच्या खाली मात्र डोक्याएवढ्या उंचीचं हिरवंगार दाट झुडूप माजलेलं असतं. पाहून बरं वाटतं, पण ते बकथॉर्न. युरोपातून कुंपणासाठी आणलं आणि पक्ष्यांनी त्याची काळी फळं रानभर नेली. वसंतात ते लवकर पालवतं, पानं उशिरा गाळतं, म्हणून जमिनीपर्यंत ऊन पोहोचत नाही. बर ओक या इथल्या ओकच्या जातीचं रोप त्या सावलीत तगत नाही. वर जुनेजाणते ओक आणि खाली त्यांचं एकही पोर नाही, अशी अवस्था होते.

दुसरं नुकसान चटकन दिसत नाही. ओकचं वाळलेलं पान कुरळं होऊन सैल साचतं आणि सहज पेट घेतं. इथल्या मूळ रहिवाशांनी लावलेल्या आगींवरच ही रानं आणि गवताळ मैदानं हजारो वर्षं टिकली. बकथॉर्नच्या पानात नत्र भरपूर, ते लवकर कुजून जातं. जळायला पाचोळाच उरत नाही, आग फिरत नाही, आणि झुडूप आणखी माजतं.

प्रेअरीची, म्हणजे उंच गवत आणि रानफुलांच्या मैदानांची, गोष्ट याहून वाईट. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. 1837 मध्ये जॉन डिअरने याच राज्यात पोलादी नांगर बनवला आणि ती चिवट, मुळांनी विणलेली जमीन उलथू लागली. आज अस्सल म्हणावी अशी प्रेअरी उरली आहे अडीच हजार एकरांच्या आसपास. तीही बरीचशी रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमींत, नांगर पोहोचला नाही तिथे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला 1930 च्या दशकात कर्टिस प्रेअरी नव्याने उभी करायला सुरुवात झाली. शिकागोच्या नॉर्थ ब्रँच नदीकाठी 1977 पासून स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी हे काम करत आले आहेत. त्या कामात आपल्या लोकांनीही उतरावं, आणि उतरताना एक गोष्ट पक्की धरावी: जेवढ्या जमिनीवर पेरता येईल, तेवढीच साफ करावी.

आधी तोडणीचं बघू. हंगाम शरदाच्या अखेरीपासून हिवाळाभर. वसंतात रस वर चढत असतो, तेव्हा कापलेल्या बुडख्यावर लावलेलं तणनाशक औषध मुळांकडे जात नाही. फळं धरणारी मादी झाडं आधी काढा. खोड एकदम जमिनीलगत कापू नका; आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर कापून फांदोरा बाजूला ओढा, मग दोनेक इंचांवर दुसरा काप आडवा आणि सपाट घ्या. तिरका काप राहिला तर औषध ओघळून जातं, शिवाय टोकदार बुडखा बुटात घुसतो. भुसा पुसून टाका, नाहीतर औषध तोच पितो. ग्लायफोसेट हे तणनाशक पाण्यातलं असेल तर कापल्यावर पाच मिनिटांच्या आत लावायचं, सालीच्या लगत आतल्या कड्यावर. तिथूनच ते मुळांत उतरतं. मधल्या लाकडावर ओतलेलं वाया जातं. कडाक्याच्या थंडीत तेलात मिसळलेलं ट्रायक्लोपिर हे दुसरं तणनाशक बरं. ते कड्यावर आणि उरलेल्या सालीवर, थेट मातीपर्यंत लावायचं. औषधात निळा रंग असतो, म्हणजे कुठला बुडखा राहिला ते कळतं. राहिलेल्या एका बुडख्याला पुढच्या उन्हाळ्यात दहा-बारा फुटवे येतात आणि काम दुप्पट होतं. आणि हो, इलिनॉयमध्ये सार्वजनिक जमिनीवर तणनाशक लावायला राज्याचा परवाना लागतो. तो नसेल तर तुम्ही कापा, औषध परवानाधारक लावेल.

फांद्यांचा ढीग कुठे रचायचा याचा विचार पहिली फांदी पडण्याआधी करा. ढिगाखालची माती इतकी तापते की तिच्यातलं बी आणि मुळं मरतात. म्हणून ओकच्या मुळांवर नको, चांगली रानफुलं असतील तिथे तर नकोच. जिथे बकथॉर्नशिवाय काही उगवलंच नव्हतं, ती जागा निवडा. फांद्या एकाच दिशेने, घट्ट दाबून रचा. आडव्यातिडव्या टाकल्या की मध्ये पोकळी राहते आणि ढीग अर्धवट जळतो. बर्फ पडलेलं असताना जाळणं उत्तम.

एवढं झाल्यावर रान मोकळं दिसतं, सगळे खूश होतात, फोटो काढतात. धोका इथेच आहे. बकथॉर्नचं बी मातीत पडलेलंच असतं. ऊन मिळालं की पहिलं तेच उगवतं, सोबत काटेरी थिसल आणि गार्लिक मस्टर्ड ही तणं. जमीन रिकामी राहत नाही. आपण पेरलं नाही तर तण पेरून घेतं. म्हणून बियांचं काम तोडणीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून सुरू व्हायला हवं.

पेरायच्या रानफुलांचं आणि गवतांचं बी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने पिकतं. प्रेअरी फ्लॉक्स आणि व्हायोलेटच्या शेंगा तडकून बी दूर फेकतात, त्यामुळे दोन दिवसांचा उशीरही चालत नाही. शेंगा फुटण्याआधीच पातळ कापडी पुरचुंडी बांधावी. रॅटलस्नेक मास्टर, लिटल ब्लूस्टेम ऑक्टोबरपर्यंत आरामात थांबतात. छोट्या जागेवरून दहा रोपांमागे एक-दोन रोपांचंच बी घ्या, बाकीचं तिथेच पडू द्या. गोळा करायचं कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी येते. पिशवीवर नाव, जागा, तारीख लगेच लिहा, कारण वाळलेली बोंडं एकसारखी दिसतात. घरी पसरून आठ-दहा दिवस रोज हलवत वाळवा, मग मळा, चाळा, उफणा. शेती पाहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

मिश्रणात मोठी चूक होते ती गवताची. बिग ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रासचं बी मुबलक मिळतं, म्हणून लोक तेच जास्त टाकतात. काही वर्षांत पुरुषभर उंच गवत उभं राहतं आणि फुलांना जागाच उरत नाही. ही दोन मूठभरच ठेवा. लिटल ब्लूस्टेम, प्रेअरी ड्रॉपसीड आणि फुलझाडांचा वाटा वाढवा. वुड बेटोनी आवर्जून घ्या. ती गवताच्या मुळांतून अन्न ओढते, त्यामुळे गवत आपोआप आटोक्यात राहतं. एकरी दहा पौंड बी साधारण पुरतं. ओलसर वाळूत मिसळून दोन भाग करा. एक उत्तर-दक्षिण चालत फोका, दुसरा पूर्व-पश्चिम, म्हणजे पट्टे रिकामे राहत नाहीत. वेळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतची. बहुतेक बियांना थंड ओलावा मिळाल्याशिवाय अंकुर फुटत नाही, आणि गोठत-वितळत माती बियांना स्वतःच पोटात घेते. पाचोळ्यावर बी पडलं तर मात्र वाया. आधी तो जाळा किंवा दाताळ्याने ओढून माती उघडी करा. ढिगाच्या राखेची जागाही दाताळून पेरा.

पहिल्या उन्हाळ्यात निराशा येते. दिसतं ते फक्त तण. पेरलेली रोपं बोटाएवढीच असतात, कारण त्यांची सगळी ताकद मुळांत जात असते; कॉम्पास प्लांटचं मूळ पुढे दहा फुटांच्याही खाली जातं, फूल यायला मात्र कित्येक वर्षं लागतात. तण फूटभर झालं की सहा इंचांवर छाटत राहा. उपटू नका, शेजारचं रोप हलतं.

रानात आणि प्रेअरीत पाचोळा, गवत जाळायला लावायच्या आगीबद्दल थोडक्यात, कारण ती प्रशिक्षित तुकडी आणि परवान्याशिवाय लावायचीच नाही. आधी जाळरेषा, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून साफ केलेला पट्टा, काढतात, मग वारा जिकडे वाहतो त्या टोकाला आग लावून ती वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश मागे येऊ देतात. जळून काळा झालेला पट्टा पुरेसा रुंद झाला की बाजू, आणि वाऱ्याबरोबर धावणारी आग सर्वांत शेवटी. अंगावर सुती किंवा आगरोधक कपडे, नायलॉन अजिबात नाही. ते वितळून कातडीला चिकटतं. आणि एका वर्षी सगळी जागा कधीही जाळायची नाही. पोकळ देठांत, पाचोळ्यात कीटकांची पुढची पिढी झोपलेली असते. एक तृतीयांश जाळली तर उरलेल्यातून ती परत पसरते.

नव्याने येणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये गार्लिक मस्टर्डपासून सुरुवात करावी. पाऊस पडून गेल्यावर, बुंध्याशी धरून सावकाश ओढा. मान तुटली तर पुन्हा फुटतं. पांढरी फुलं आलेली असतील तर उपटलेली रोपं तिथे टाकू नका, पडल्या जागी त्यांचं बी पिकतं. पिशवीत भरून बाहेर काढा. आणि गाडीत बसण्याआधी बुटांच्या तळव्यातली माती ब्रशने झाडून त्याच जागी टाका, कारण त्या मातीत पुढच्या रानासाठीचं तण असतं.