हुकूम लेखी हवा आणि वाचायलाही मिळायला हवा

श्रोतेहो, नमस्कार.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात शिवाजी चौक परिसरात काय घडलं, ते तुमच्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलंय. मोबाइलवरच्या काही आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद पुकारला गेला, जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला. आणि मग शहरातलं इंटरनेट बंद करण्यात आलं. स्टेटस ठेवणारे मूठभर होते. नेट गेलं ते सगळ्यांचं.

नेट गेलं की काय होतं, हे व्यापाऱ्याला विचारा. महाद्वार रोडवर ओटीचं सामान विकणाऱ्या बाईसमोर क्यूआर कोडचा फलक असतो, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात रोख नसते. इचलकरंजीहून कापडाची गाडी परराज्यात निघायची, तर ऑनलाइन काढायचं ई-वे बिल लागतं. जूनमध्ये तर पोरांच्या प्रवेशाचे अर्ज भरायचे असतात. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अफवा पसरते तेव्हा ती खोटी आहे हे सांगणारा पोलिसांचा खुलासाही त्याच मोबाइलवरून लोकांपर्यंत जायचा असतो. नेट बंद केलं की खुलासाही थांबतो. अफवा मात्र तोंडातोंडी, गल्लीबोळांतून फिरत राहते.

सरकारनं नेट कधीच बंद करू नये, असं मी म्हणत नाही. माणसांचा जीव धोक्यात असेल तर काही तास बंद ठेवावं लागेलही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या हुकमानं ते बंद झालं तो हुकूम आपल्याला वाचायला मिळाला पाहिजे. कुणी काढला, कोणत्या भागापुरता, किती वेळ आणि का? आणि ही मेहेरबानी नव्हे, कायद्यानंच आपल्याला हा हक्क दिलाय.

हा कायदा मुळात तारायंत्राच्या काळातला. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी संदेश रोखण्याची मुभा सरकारला होती. इंटरनेट आल्यावर बरीच वर्षं जमावबंदीच्या कलम १४४ खालीच नेट बंद केलं जायचं. २०१७ साली केंद्रानं नियम केले. तेव्हापासून राज्यात असा आदेश काढायचा अधिकार गृह खात्याच्या सचिवांचा. फारच अडचण असेल तर त्यांनी नेमलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी आदेश काढू शकतो, पण २४ तासांत सचिवांची मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप रद्द होतो. आदेशात कारणं लिहावी लागतात आणि तो नियमाला धरून आहे का हे तपासणाऱ्या पुनर्विलोकन समितीपुढे ठेवावा लागतो.

मात्र तो लोकांना दाखवायचा की नाही, यावर २०१७ चे नियम गप्प होते. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झालं, तेव्हा अनुराधा भसीन या संपादक सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरकारनं सगळे आदेश कोर्टापुढेसुद्धा ठेवले नव्हते. १० जानेवारी २०२० ला निकाल आला. इंटरनेटवरून बोलणं आणि व्यापार करणं या दोन्हींना राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी गरजेपुरतीच हवी आणि आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. आदेश हातात असेल तरच माणूस त्याविरुद्ध कोर्टात जाऊ शकतो, हा त्यामागचा विचार. पुढे मुदतीची मर्यादा १५ दिवसांवर आली. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम आले, त्यांत आदेश प्रसिद्ध करण्याचं बंधन लिहूनच टाकलंय.

आणि प्रत्यक्षात? संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीनं २०२१ मध्ये नोंदवलं, की देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंदच केंद्राकडे ठेवली जात नाही. मोजलंच नाही, तर त्यानं दंगल थांबली की नाही हे ठरवणार कसं?

इथं मला कोल्हापूरचंच एक जुनं प्रकरण आठवतं. १८८२ साल. ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल दिवाण बर्व्यांवर आरोप केले. त्यासाठी जी पत्रं पुरावा म्हणून वापरली, ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खोटा मजकूर पसरणं हे काही व्हॉट्सअ‍ॅपच्या काळातलं नवल नाही. पण परक्यांच्या राज्यातही तो खटला उघड कोर्टात चालला. आरोप काय, पुरावा काय, शिक्षा किती, हे साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. शिवाय शिक्षा झाली ती दोन संपादकांना. वर्तमानपत्र वाचणाऱ्या गावाला नाही.

आजही दोषी माणसापुरती कारवाई करायला कायदा अपुरा नाही. दोन समाजांत तेढ माजवण्याबद्दल तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. एखादा मजकूर किंवा संकेतस्थळ रोखायचं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ आहे. २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप बंद झाली ती याच कलमाखाली.

या ६९-अ मध्येही मला एक गोष्ट खटकते. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ६६-अ हे कलम रद्द केलं. फेसबुकवरच्या एका मजकुरावरून पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये अटक झाली होती, ते हे कलम. ६९-अ मात्र न्यायालयानं कायम ठेवलं, कारण त्यात लेखी कारणं आणि म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद आहे. पण त्याच्या नियमांतच तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायलाही सांगितलंय. ज्याचं लिखाण गेलं त्याला आदेशाची प्रत मिळाली नाही, तर त्या लेखी कारणांचा त्याला उपयोग काय? एक सुधारणा अलीकडे झाली, ती मात्र ६९-अ मध्ये नव्हे, तर याच कायद्याच्या कलम ७९ खालच्या नियमांत. नोव्हेंबर २०२५ पासून मजकूर काढण्याची सूचना कंपन्यांना पाठवायची तर केंद्र किंवा राज्य सरकारचा किमान सहसचिव दर्जाचा अधिकारी लागतो, पोलिसांत उपमहानिरीक्षक, आणि कारण लिहावं लागतं. हे चांगलं झालं. पण ते कारण कंपनीला कळतं. लिहिणाऱ्यालाही थेट कळावं, असं मला वाटतं.

आता आपल्या हातात काय आहे? पुन्हा कधी नेट बंद झालं, तर आधी आदेश प्रसिद्ध झालाय का ते पाहा. नसेल तर माहितीच्या अधिकारात राज्याच्या गृह विभागाकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात जिल्हा आणि तारखा लिहा. आदेशाची प्रत, पुनर्विलोकन समितीच्या बैठकीची तारीख आणि तिचा निष्कर्ष, एवढं मागा. सुरक्षिततेचं कारण देऊन नकार आला तर पहिलं अपील करा आणि त्यात अनुराधा भसीन निकालाचा उल्लेख करा.

तेवढ्यानंही भागलं नाही तर रिट याचिका, म्हणजे हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात दाद. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. नेट बंदीचा आदेश दोन-तीन दिवसांचाच असतो. मुंबईला जाऊन कागद तयार होईपर्यंत तो संपूनही जायचा. आता सकाळी आदेश निघाला, तर त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयासमोरच्या बेंचच्या इमारतीत वकील उभा राहू शकतो. फक्त त्याच्या हातात आदेशाची प्रत हवी.

नमस्कार.