कूलरच्या ताट्या आणि काकांची झोप

नमस्कार, परदेशातल्या नागपूरकर मंडळी. नागपूरहून आणलेली संत्रा बर्फी काल रात्रीच संपली, त्यामुळे आज नुसतं भाषण आहे.

मी समुपदेशक. माझ्याकडे येणाऱ्यांच्या आयुष्यात बहुधा काहीतरी मोठं बदललेलं असतं. निवृत्ती, घटस्फोट, जोडीदाराचं जाणं, मुलं परदेशी गेल्यावर सुनं झालेलं घर. होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली अशा 43 घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, निवृत्ती 45. आणि लग्न 50! म्हणजे निवृत्तीपेक्षा जड. (हशा)

पण माणसाला नेमकं कुठं दुखतंय, ते या गुणांवरून कळत नाही.

एक काका आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. पत्नी फेब्रुवारीत गेलेली, काका आले मे महिन्यात. "झोपच लागून नाही राहिली, मॅडम." मुलगा तुमच्यासारखाच परदेशी, त्याला वाटलं, वडिलांना डिप्रेशन आलं. मी विचारलं, झोपता कुठं? हॉलमध्ये, पंख्याखाली. कूलर? तो बंदच. दरवर्षी मार्चअखेर माणूस बोलावून वाळ्याच्या ताट्या बदलून घ्यायचं काम काकूंचं. त्या माणसाचा नंबरही काकूंच्याच मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल काकांनी उघडलाच नव्हता. नागपूरचा मे, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. कोण झोपेल?

तो मोबाइल त्यांनी माझ्यासमोर उघडला. नंबर शोधता शोधता फोटो निघाले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा काका रडले. ताट्या दोन दिवसांत बदलल्या. रक्त तपासलं तर बी-12 बरंच कमी. त्यानंही थकवा आणि उदासी येते. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. दुःख तर होतंच, त्यावर आम्ही पुढं बरेच महिने बोललो. पण झोपलेल्या माणसाशी बोलता येतं, न झोपलेल्याशी नाही.

समग्र समुपदेशन म्हणतात ते एवढंच. जॉर्ज एंगल या डॉक्टरांनी 1977 मध्ये आग्रह धरला की शरीर, मन आणि भोवतालची माणसं एकत्र बघा. म्हणून मी झोप विचारते, जेवण विचारते, पेन्शनचं खातं कोण बघतं तेही विचारते. देवपूजा सुटली का, हेसुद्धा. 'समग्र'च्या नावाखाली खडे आणि अंगठ्या विकणारेही आहेत. त्यांचं दुकान वेगळं.

तुम्ही रविवारी घरी आईवडिलांना फोन करता आणि "जेवलात का?" विचारता. उत्तर 'हो'च येणार. त्याऐवजी विचारा: आज घरी कोण आलं होतं? आणि आई गेली असेल, तर तिची कुठली कामं आता कोण करतं? उत्तरं तुटक यायला लागली, तर त्यांना टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या. भारत सरकारची सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. फक्त तो त्यांच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून या, पुढच्या वेळी नागपूरला जाल तेव्हा.