पंचनामा कुणी करायचा?

मंडळी, 2013 सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या पश्चिमेला मीड, पेनिंग्टन, पर्किन्स अशा काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. नजर पोचेल तिथपर्यंत गवत आणि मोकळ्यावर चरणारी गुरं.

3 तारखेला तिथे आधी पाऊस लागला. गार, झोडपणारा. गुरं कातडीपर्यंत भिजली. हिवाळ्याचे दाट केस अजून अंगावर आले नव्हते, कळप उन्हाळी कुरणांतच होते. मग बर्फ आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. वाऱ्याकडे पाठ करून गुरं चालत सुटली, कुंपणांपलीकडे गेली, ओढ्यांत उतरली. वादळ थांबलं तेव्हा हजारो जनावरं मरून पडली होती. त्यांतल्या बऱ्याच गाई वसंतात व्यायच्या होत्या आणि वासरं विक्रीच्या बेतात होती. म्हणजे चालू वर्षाचं उत्पन्न गेलं, पुढच्याचंही गेलं.

अशा वेळी मदत देणारी योजना 2008 च्या शेती कायद्यात होती. आपत्तीत जनावर दगावलं तर सरासरी बाजारभावाच्या 75 टक्के रक्कम. एरवी दर वर्षी जेवढी जनावरं मरतातच, तेवढी वजा करायची आणि उरलेल्यांची भरपाई द्यायची. हिशेब रास्त आहे. पण या योजनेची मुदत 30 सप्टेंबर 2011 लाच संपली होती आणि नवा कायदा वॉशिंग्टनमध्ये अडकून पडला होता. त्यात 1 ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाजच ठप्प. काउंटीतल्या शेती कार्यालयाला कुलूप. मेलेलं जनावर दाखवायचं कुणाला?

हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. 2022 मध्ये गुरांना लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा आपल्याकडे गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये जाहीर झाले. आमच्या चुलत्यांची गाय पहाटे गेली. पंचनाम्याशिवाय पुरायची नाही, आणि साथीचं जनावर दारात ठेवायचंही नाही. कुणीतरी येईल म्हणून काका दुपारपर्यंत तिच्याजवळ बसून होते. मेलेल्या गाईच्या अंगावरच्या माश्या वारत होते. रक्कम पुढे मिळाली, नाही असं नाही. पण ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की भरपाईचा आकडा आधी ठरलेला हवा आणि पंचनामा करणारा माणूसही आधीच नेमलेला हवा. संकट आल्यावर कायदा करायला बसलं तर पुरावा मातीत गेलेला असतो.

साउथ डकोटातल्या पशुपालकांनी स्वतःच पुरावा गोळा केला. जनावरांचे फोटो काढले, कानातल्या बिल्ल्यांचे आकडे उतरवले, शेजाऱ्याला साक्षीला घेतलं, आणि मगच मढी खड्ड्यांत लोटली. दरम्यान लोकांनी वर्गणी काढून मदतनिधी उभा केला, आणि काहींनी तर आपल्या कळपातल्या कालवडी पाठवल्या. आपल्याकडेही पाहुणे दावणीला एखादी कालवड आणून बांधतात, तसंच.

नवा कायदा 7 फेब्रुवारी 2014 ला झाला. योजना कायमची झाली आणि मागल्या नुकसानीलाही लागू केली. अर्ज घ्यायला सुरुवात झाली 15 एप्रिलला. तोवर बर्फ वितळला होता, कुरणांत नवं गवत फुटत होतं आणि वाचलेल्या गाई व्यायला लागल्या होत्या.