दुरुस्त झालेल्या विमानांनी लढलेली लढाई

नमस्कार. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जर्मन हवाई दलाशी झालेल्या लढाईविषयी बोलताना वैमानिकांचे शौर्य आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्या काळात ब्रिटनच्या लढाऊ स्क्वाड्रनना (विमानांच्या तुकड्यांना) मिळालेल्या विमानांपैकी सुमारे एक तृतीयांश विमाने नवी नव्हती, तर मोडतोडीनंतर दुरुस्त होऊन परतलेली होती. त्या दुरुस्तीची दखल फारच कमी घेतली जाते, असे मला वाटते.

मे १९४० मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी विमान उत्पादनासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापून ते लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्याकडे सोपवले. नागरी कारखान्यांकडून विमाने दुरुस्त करून घेणारी संघटना त्याआधीच उभी राहिली होती आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे तिचे महत्त्वाचे केंद्र होते. शेतात कोसळलेले विमान लांबलचक, बुटक्या ट्रेलरवर चढवून आणले जाई. 'क्वीन मेरी' या अजस्र जहाजावरून त्या ट्रेलरला तेच नाव पडले होते. किरकोळ नुकसान विमानतळावरच निस्तरले जाई, मोठे काम कारखान्यात जाई, आणि जे विमान वाचवणे शक्य नसे त्याचे उपयोगी भाग काढून उरलेला धातू वितळवला जाई. यात हरिकेन आणि स्पिटफायर या ब्रिटनच्या दोन प्रमुख लढाऊ विमानांपैकी हरिकेनची रचना फार सोयीची ठरली, कारण नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून बनवलेला तिचा मागचा भाग साध्या साधनांनीही सांधता येत असे. स्पिटफायरचा भार मात्र तिचा धातूचा पत्राच पेलत असल्यामुळे तिथे अधिक कुशल हात आणि अधिक वेळ लागे.

भूगोलही ब्रिटनच्या बाजूने होता. ब्रिटिश विमान बहुधा स्वतःच्याच भूमीवर पडे, तर इंग्लंडवर किंवा इंग्लिश खाडीत पडलेले जर्मन विमान जर्मनीच्या हिशेबातून कायमचे वजा होई.

या व्यवस्थेतला खरा पेच सुट्या भागांचा असतो. सुटा भाग म्हणून बाजूला ठेवलेले प्रत्येक इंजिन म्हणजे नव्या विमानाला न मिळालेले इंजिन. त्यामुळे महिन्याअखेरीस नव्या विमानांचा आकडा दाखवण्याचा दबाव असलेल्या मंत्र्याला सुटे भाग बनवणे नेहमीच तोट्याचे वाटते, मात्र त्यांच्याविना आघाडीवरची विमाने क्षुल्लक बिघाडापायी उभी राहतात. बीव्हरब्रुक यांनीही तातडीपोटी साठ्यातले भाग सढळपणे वापरले. त्या उन्हाळ्यापुरता तो निर्णय मला समर्थनीय वाटतो, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या युद्धात तसे करणे परवडले नसते.

दुरुस्ती आणि उत्पादन यांनी मिळून विमानांचा प्रश्न इतका आटोक्यात आणला, की ऑगस्टअखेरीस लढाऊ दलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांना विमानांपेक्षा अनुभवी वैमानिकांची चणचण अधिक भेडसावू लागली आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी स्क्वाड्रनची तीन वर्गांत विभागणी करून अनुभवी माणसे आग्नेय इंग्लंडमध्ये एकवटली.